अ‍ॅटलॅटल बनवायचं आहे? आधी डार्ट, मग काठी

नवशिक्यांचा सगळा उत्साह काठीवर खर्च होतो. सागाचा तुकडा आणायचा, त्याला डौलदार आकार द्यायचा, मुठीवर नक्षी काढायची, वर पॉलिश मारायचं. आणि फेकायला मग हाताला लागेल तो बांबू. हे उलटं करा. अ‍ॅटलॅटलची काठी साधी असली तरी भागतं, मोडक्या स्टंपाचीही चालते. डार्ट मात्र तुमच्या हाताला जुळवून घ्यावा लागतो, आणि हे जुळवणं हेच खरं काम. म्हणून या लेखात काठीला जेमतेम दोन परिच्छेद आहेत.

अ‍ॅटलॅटल म्हणजे हात-सव्वा हात लांबीची, टोकाला आकडा असलेली काठी. डार्ट म्हणजे तिने फेकायचा माणसाहून उंच, बारीक आणि लवचीक भाला. त्याच्या शेपटाला छोटी खोबण असते, ती आकड्यावर बसते. काठीमुळे तुमचा हात तेवढा लांब होतो आणि शेवटच्या मनगटाच्या झटक्याला जबरदस्त वेग येतो. फ्रान्समधल्या कोंब सोनियेर इथे सापडलेला रेनडिअरच्या शिंगाचा आकडा सुमारे १७,५०० वर्षांपूर्वीचा मानतात. ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांचा वूमेरा याच जातीचा, आणि अ‍ॅझ्टेकांनी हेच हत्यार स्पॅनिश सैन्यावर चालवलं. नीरज चोप्राने २०२१ मध्ये टोकियोत ८०० ग्रॅमचा भाला ८७.५८ मीटर फेकला. अ‍ॅटलॅटलच्या लांब फेकीचा १९९५ मधला विक्रम २५८ मीटरच्या पुढचा आहे. डार्ट खूपच हलका असतो, त्यामुळे तुलना बरोबरीची नाही, पण काठी काय करते याचा अंदाज येतो.

फेकायचं कुठे, हे आधी ठरवा

मुंबईत हा प्रश्न बांबूच्या आधी येतो. शिवाजी पार्क, ओव्हल, जुहूची चौपाटी ही नावं डोक्यातून काढून टाका. नवख्याचा डार्टसुद्धा पन्नास-साठ मीटर सहज जातो आणि कुठे जाईल ते त्यालाही ठाऊक नसतं. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या आसपास तर हे घेऊन फिरकूही नका. कर्जत, मुरबाड, वसई, पालघर, या बाजूला कुणा ओळखीच्याचं शेत किंवा मोकळी वाडी असेल तर मालकाची परवानगी घ्या. समोर किमान शंभर मीटर मोकळं, दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा मीटर, आणि मागे पायवाट नाही, अशी जागा हवी. भातकापणी झाल्यावरची शेतं उत्तम.

कायद्याची बाजूही समजून घ्या. शस्त्र नियमांच्या यादीत धारदार हत्यारांमध्ये भाल्यांचा उल्लेख आहे. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली मुंबईत वेळोवेळी मनाई आदेश निघतात, आणि त्यात तलवारी-भाल्यांपासून लाठ्यांपर्यंत सगळं येतं. तेव्हा डार्टला धातूचं टोकदार पातं लावायचंच नाही. रबरी बुचाचं बोथट टोक लावा, खोळीत बांधून न्या, आणि मनाई आदेश चालू असताना घरीच ठेवा. शंका असेल तर स्थानिक पोलीस ठाण्यात विचारून घेतलेलं बरं. शिकारीचा विषयच नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे.

डार्ट वाकतो म्हणून सरळ जातो

फेकताना आकडा सरळ रेषेत पुढे जात नाही, तो कमानीत वर उठतो. डार्टचं शेपूट त्याच्याबरोबर वर जातं, टोक मात्र लक्ष्याकडेच राहायला हवं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी जमायच्या तर मधल्या दांड्याने वाकलंच पाहिजे. सुटल्यावर तो पोहणाऱ्या माशासारखा दोन-चार हेलकावे घेतो आणि मग शांत होतो. वाकायला तयार नसलेला डार्ट आकड्यावरून झटका खाऊन तिरका सुटतो. फार मऊ असेल तर हेलकावे थांबतच नाहीत, सगळा वेग त्यातच जिरतो, आणि एखाद्या जोरदार फेकीला दांडा मोडतोही.

या दोन टोकांच्या मधला ताठपणा शोधायचा आहे. पुढचं सगळं त्यासाठीच.

बांबू निवडणं

कोकणातला माणगा मिळाला तर दुसरं काही बघू नका: जवळजवळ भरीव, सरळ, बिनकाट्याचा. मेसही चांगला. कळक पोकळ आणि जाड, तो सोडून द्या. सिंधुदुर्गात कुणी नातेवाईक असेल तर काम सोपं, नाहीतर बुरुडांकडे किंवा मंडपवाल्यांना बांबू पुरवणाऱ्यांकडे चौकशी करा. गुढीपाडव्याच्या आधी बाजारात गुढीच्या काठ्या येतात, त्यांतही कधीकधी बारीक, सरळ नग सापडतो. विक्रेता वैतागेपर्यंत निवडा.

साधारण सव्वादोन मीटर लांब, बुडाशी १२ ते १४ मिलिमीटर आणि शेंड्याकडे ९-१० मिलिमीटर जाडी असावी. कोवळा बांबू नको. तीन वर्षं झालेला बांबू वाजवला की टणक आवाज येतो आणि त्याचा हिरवेपणा उतरलेला असतो. पेरांवर बारीक भोकं दिसली, किंवा आपटल्यावर पिवळसर पीठ पडलं, तर किडा लागलाय. असा बांबू घरातही आणू नका, तो फर्निचरलाही सोडणार नाही.

चार-पाच काठ्या एकदम आणा, कारण एखादी तरी सुकताना फाटणार. सावलीत, भिंतीला उभ्या करून तीन-चार आठवडे सुकवा. जून ते सप्टेंबर हे काम करूच नका. मुंबईच्या पावसाळी हवेत बांबू सुकत नाही, त्याला बुरशी येते. दिवाळीनंतर सुरुवात केली तर महाशिवरात्रीपर्यंत फेकायला लागाल.

सरळ करणं आणि तासणं

बांबू बहुतेक वेळा गाठीपाशी वाकडा असतो. गॅसच्या मंद आचेवर ती गाठ सतत फिरवत गरम करा. पृष्ठभागावर तेलासारखी चकाकी आली की आचेवरून काढा, गुडघ्यावर किंवा टेबलाच्या कडेला टेकवून उलट बाजूला किंचित जास्त वाकवा आणि गार होईपर्यंत तशीच धरून ठेवा. घाई केली की ती परत जागेवर येते. काळी पडेपर्यंत भाजू नका, तिथेच मोडते. दांड्याच्या एका टोकाकडून डोळा लावून बघत राहा. शंभर टक्के सरळ कुणाचाच होत नाही. पुढच्या आणि मागच्या टोकाची रेषा एक आली की पुरे.

गाठींवरचे उंचवटे कानशीने उतरवा, मग पॉलिश पेपर फिरवा. बाहेरची चकचकीत साल मात्र शक्यतो जपा. बांबूची ताकद त्या बाहेरच्या थरातच असते. ती सरसकट तासून काढली की आत उरतो तो भुसभुशीत भाग.

जाड बाजू पुढे, बारीक बाजू मागे. पहिल्यांदा हे उलटं वाटतं, पण वजन पुढे राहायला हवं.

ताठपणा मोजणं

इथे वेळ काढा. स्वयंपाकघरातला दहा किलोपर्यंत मोजणारा डिजिटल काटा जमिनीवर ठेवा. डार्टचं पुढचं टोक काट्यावर उभं टेकवा आणि शेपटावर तळहात ठेवून सरळ खाली दाबा. आकडा वाढत जाईल, दांडा धनुष्याकृती व्हायला लागेल, आणि एका क्षणी तुम्ही कितीही दाबलंत तरी आकडा पुढे सरकणार नाही, दांडाच आणखी वाकेल. तो आकडा म्हणजे या डार्टचा ताठपणा. सर्वसाधारण प्रौढ हातासाठी दोन मीटरच्या डार्टला तो ३ ते ४ किलोच्या आसपास असावा. हलक्या हाताला, किशोरवयीन मुलांना अडीच किलोही छान चालतो. चष्मा नसेल तर डोळे जपा, दांडा निसटून तोंडावर येऊ शकतो.

हा आकडा कसा बदलतो याचं गणित अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ऑयलरच्या सूत्रातून माहीत असेल. इतरांनी एवढंच लक्षात ठेवावं: ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो आणि लांबीच्या वर्गाने उलटा बदलतो. म्हणजे भरीव दांडा सगळीकडून १० टक्के बारीक केला तर त्याचा जवळजवळ एक तृतीयांश ताठपणा जातो. लांबी १० टक्के कमी केली तर ताठपणा २३ टक्क्यांनी वाढतो. जाडीच्या बाबतीत म्हणूनच हात आखडता ठेवायचा. पॉलिश पेपरचे दहा हात मारा, मोजा; पुन्हा दहा हात, पुन्हा मोजा. कानस घेऊन बसलात तर पाच मिनिटांत चांगला बांबू वाया जातो.

सुरुवातीला डार्ट हवा त्यापेक्षा थोडा लांबच ठेवा. कापता येतं, जोडता येत नाही.

बांबूचा आणखी एक स्वभाव: तो एका बाजूला जास्त ताठ असतो. दांडा फिरवून चार बाजूंनी वाकवून बघा, कुठे सहज वाकतो ते कळेल. दरवेळी तीच बाजू वर येईल अशी मार्करने खूण करा. एकच डार्ट एकदा छान आणि एकदा वेडावाकडा का जातो, याचं कारण पुष्कळदा हेच असतं.

शेपूट, टोक, पिसं

शेपूट गाठीच्या अगदी मागे कापा, म्हणजे टोकाला भरीव लाकूड मिळेल. पोकळ असेल तर सागाची छोटी खुंटी अरल्डाइट लावून ठोका. तिच्या बरोबर मध्यावर ड्रिलने ४-५ मिलिमीटर खोल, वाटीसारखी खोबण करा. शेवटचे तीन सेंटिमीटर मोची वापरतात त्या मेणाच्या दोऱ्याने घट्ट गुंडाळून त्यावर गोंद चोपडा. हे गुंडाळणं टाळलं तर पहिल्याच दिवशी शेपूट उभं चिरतं.

टोकाला हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं खुर्चीच्या पायाचं रबरी बूच. आत वजनासाठी मासेमारीच्या सामानाच्या दुकानातली शिशाची गोळी बसवा, नाहीतर बुचाच्या मागे तांब्याची तार गुंडाळा. तार सोयीची, कारण वेढे वाढवता-काढता येतात आणि ते पुढे कामाला येतं. शिसं हाताळलं की हात धुवा. आता डार्ट बोटावर तोलून बघा. तोल मध्याच्या पुढे, लांबीच्या ५ ते १० टक्के अंतरावर यायला हवा. दोन मीटरच्या डार्टमध्ये हे टोकापासून ८० ते ९० सेंटिमीटरवर पडतं. एकूण वजन १२० ते १६० ग्रॅमच्या दरम्यान असेल तर ठीक.

पिसांसाठी चिकनवाल्याला सांगून ठेवा, पंखाची लांब पिसं तो फेकूनच देत असतो. शाम्पूने धुऊन उन्हात वाळवा. दोन पिसं शेपटाजवळ समोरासमोर सपाट ठेवून पुढे आणि मागे दोऱ्याने बांधली की झालं. बाणासारखं चिरून चिकटवायची गरज नाही. मोरपीस लावायचा मोह अनेकांना होतो. मोर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला पक्षी आहे, वादात पडायचं कशाला? पिसांचं वावडं असेल तर जाड चिकटपट्टीचे पंख करा. चांगला जुळलेला डार्ट बिनपिसांचाही बऱ्यापैकी जातो. म्हणून आधी बिनपिसांचा फेकून बघा आणि पिसं शेवटी बांधा. नाहीतर पिसं दांड्याचे दोष झाकून टाकतात.

काठी

लांबी एक हात आणि एक मूठ, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटापर्यंत आणि वर चार बोटांची रुंदी. बहुतेकांची ५२ ते ५८ सेंटिमीटर भरते. मोडका स्टंप उत्तम, त्याची लांबी ७१ सेंटिमीटर असते, तेव्हा कापायला वाव आहे. नाहीतर रे रोडच्या लाकडाच्या वखारींत सागाचा, सरळ रेषा असलेला तुकडा मिळेल. वरची बाजू सपाट करा म्हणजे डार्ट घरंगळणार नाही. मूठ तुमच्या हाताला बसेल एवढी बारीक करा.

आकडा टणक लाकडाचा किंवा हाडाचा, काठीच्या शेवटी किंचित पुढे झुकलेला, गोलसर टोकाचा. चिकटवून वर दोऱ्याने बांधा. खिळा लावू नका; काठी हातातून सुटली की तो कुठे घुसेल सांगता येत नाही. आकडा खोबणीत ३ ते ५ मिलिमीटर जावा. कमी गेला तर डार्ट उचलतानाच पडतो, जास्त गेला तर वेळेवर सुटत नाही. मुठीपाशी निवारीचे दोन वेटोळे शिवून बोटं अडकवायला केलीत तर काठी हातून उडत नाही. काठीला दगडाचं वजन लावावं का, यावर जाणकारांत वाद आहेत. नवशिक्याने त्या फंदात पडू नये.

फेक

काठी तीन बोटांनी धरा; अंगठा आणि तर्जनीने डार्ट नुसता सावरा, आवळू नका. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा डावा पाय पुढे. डार्ट कानाच्या उंचीवर, आडवा. पाय टाका, खांदा पुढे येऊ द्या, मग कोपर, आणि मनगट अगदी शेवटी. बोटं आपोआप उघडतात, ती मुद्दाम सोडायची नसतात. बाऊंडरीवरून यष्टिरक्षकाकडे चेंडू फेकायची सवय असलेल्यांना हे लवकर जमतं. पण त्यांचीच एक खोड नडते: जोर. पहिले काही दिवस निम्म्या ताकदीने, दहा मीटरवर ठेवलेल्या पेंढ्याने भरलेल्या गोणपाटावर फेका. सगळ्यांचे डार्ट फेकून झाल्याशिवाय आणायला कुणीही पुढे जायचं नाही, आणि फेकणाऱ्याच्या मागे सहा-सात पावलं मोकळी ठेवायची. काठी मागे नेताना डार्टचं शेपूटही मागे जातं, हे बघे विसरतात.

जुळवणी

मित्राला बाजूला, तुमच्यापासून दूर उभं करून मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करायला सांगा. नुसत्या डोळ्याला डार्ट थरथरला एवढंच कळतं. चित्रणात नेमका कुठे वाकला ते दिसतं. एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर निदान दहा फेकी बघा.

हेलकावे लक्ष्यापर्यंत थांबतच नसतील तर डार्ट मऊ आहे. टोकाचे तारेचे दोन-तीन वेढे काढा. तरी तेच चालू असेल तर शेपटाकडून दोन सेंटिमीटर कापा आणि खोबण नव्याने करा. उलट, डार्ट जराही न वाकता झटक्यासरशी बाजूला पडत असेल तर तो ताठ आहे. तेव्हा लगेच तासू नका, आधी टोकाचं वजन वाढवा. पुढे जड टोक असलं की ते जागचं हलायला वेळ घेतं, मागून ढकलणारा आकडा थांबत नाही, आणि मधला दांडा जास्त वाकतो. म्हणजे वजन वाढवणं हे दांडा मऊ करण्यासारखंच काम करतं, आणि ते परत घेता येतं. पाच-पाच ग्रॅमने वाढवा. वीस ग्रॅम वाढवूनही सुधारणा नसेल तरच पॉलिश पेपर हातात घ्या.

नाक वर करून मध्येच दम सोडणाऱ्या डार्टचा तोल मागे आहे. पुढे वजन द्या किंवा पिसं थोडी मोठी करा. दरवेळी ठरावीक एकाच बाजूला जात असेल तर खोबण मध्यावर नाही, किंवा आकडा तिरका आहे. आणि एक फेक सुरेख, दुसरी भलतीकडेच, असं असेल तर डार्टला हात लावू नका. तो दोष हाताचा आहे. चांगल्या डार्टची वाट लागते ती बहुतेक याच टप्प्यावर, फेक स्थिर होण्याआधीच कापाकापी सुरू केल्यामुळे.

एक डार्ट जमला की त्याचं वजन, ताठपणा, लांबी आणि तोलाची जागा वहीत लिहा. पुढचे डार्ट त्या आकड्यांना धरून करा. संचातल्या डार्टांमध्ये वजनाचा फरक पाच ग्रॅमच्या आत आणि ताठपण्याचा फरक पाव किलोच्या आत राहिला पाहिजे, नाहीतर प्रत्येक डार्टसाठी हात बदलावा लागतो.

लोकलमधून नेणं

दोन मीटरचा दांडा कर्जत लोकलमध्ये नेणं म्हणजे चार भांडणं ओढवून घेणं. जोडाचा डार्ट करा. दहा सेंटिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची नळी घेऊन ती एका तुकड्यावर पक्की चिकटवा, दुसरा तुकडा आत घट्ट सरकेल असा घासा. जोड मधोमध नको, तिथे दांडा सगळ्यात जास्त वाकतो. शेपटाकडून एक तृतीयांशावर ठेवला की १३० आणि ७० सेंटिमीटरचे तुकडे होतात. नळीने वजन आणि ताठपणा दोन्ही बदलतात, म्हणून जोडल्यानंतर काट्यावर पुन्हा मोजा. गर्दीची वेळ टाळून, खोळीत गुंडाळून मालडब्यातून न्या.

हात बसला की अंतर वाढवा. अ‍ॅटलॅटलच्या आंतरराष्ट्रीय अचूकता स्पर्धेत दहा फेकी असतात, पाच १५ मीटरवरून आणि पाच २० मीटरवरून. सरावाला हीच अंतरं धरा. पावसाळ्याआधी डार्टना जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या आणि माळ्यावर सपाट ठेवा, भिंतीला टेकवून नको. ऑक्टोबरमध्ये बाहेर काढल्यावर पहिल्या फेकीआधी प्रत्येक डार्ट काट्यावर उभा करा. ओल धरलेल्या बांबूचा आकडा वहीतल्यापेक्षा कमी आला तर त्याला आणखी दोन आठवडे सुकू द्या.